डावीकडे जॉर्जियन, उजवीकडे बर्मी

९ जानेवारी

ठके,

अक्षर ओळखून पाकीट फाडायला निघाली असशील तर निदान मधोमध फाड, म्हणजे जोडून वाचता येईल. नऊ वर्षांनी लिहिते आहे आणि पहिल्याच ओळीत विनोद करते आहे. म्हणजे मी घाबरले आहे, हे तुला कळलंच असेल.

तुझी खुशाली मला कळत असते. तू मोठ्या दवाखान्यात दुभाषी आहेस, बर्मी बोलणाऱ्या पेशंटांचं दुखणं डॉक्टरांना समजावून सांगतेस, हे आपल्या ग्रंथपाल बाईंनी सांगितलं. पत्ताही त्यांनीच दिला. त्यांच्यावर चिडू नकोस, मी त्यांना तीन दिवस पिडलं तेव्हा दिला.

माझं म्हणशील तर गुडघ्यांनी संप केला आहे, चष्मा जाड झाला आहे आणि ३१ मार्चला मी निवृत्त होते. निरोपाला शाल देतील की घड्याळ, यावर कारकुनांच्या पैजा लागल्या आहेत म्हणे. मला खरं तर एक चांगली झोप दिली तरी चालेल.

आता कामाचं. संस्थेत नवे संचालक आले आहेत. वय अडतीस, बोलायला मऊ, आणि कपाटं उघडून बघायची फार हौस. त्यांनी आपलं कपाट उघडलं. बाराशे वाक्यं, प्रत्येकाचं एक कार्ड, वर मराठी वाक्य, खाली डावीकडे जॉर्जियन, उजवीकडे बर्मी. मला बोलावून विचारतात, "बाई, या दोन भाषांचं एकमेकींशी नातं काय?" म्हटलं, "काही नाही." "मग तुलना कशाला केली?" म्हटलं, "साहेब, ऑफिसात दोन बहिणी होत्या. थोरलीला एक येत होती, धाकटीला दुसरी." ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. जुन्या मोठ्या साहेबांनी खरोखर याच कारणासाठी हे काम काढलं होतं, हे सांगून त्यांचा भ्रमनिरास कशाला करा!

तर हे संचालक म्हणतात की हे पुस्तक छापायचंच. नात्यातल्या भाषांची तुलना सगळेच करतात, इतक्या लांबच्या दोन भाषांना तीच बाराशे वाक्यं कुणी विचारली आहेत, असं त्यांचं म्हणणं. घोडं अडलं आहे ते फक्त एका ठिकाणी. बर्मीच्या रकान्यात दोनशे चौदा जागा रिकाम्या आहेत. ती कार्डं चौकशीनंतर बाद झाली, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. कुणाचं काय चुकलं यात आता आपण जायला नको. जे झालं ते झालं.

ती दोनशे चौदा वाक्यं तू पुन्हा विचारून देशील का? तुझ्या दवाखान्यात बर्मी बोलणारी माणसं रोज येतात. दुसरं कुणी हे करू शकणार नाही आणि मला ३१ मार्चच्या आत ते बांधून द्यायचं आहे.

कळव. दोन ओळी पुरेत.

ताई

२७ जानेवारी

ठके,

उत्तर नाही. बरं. मी तुझ्या जागी असते तर मीही दिलं नसतं. तरीही रोज अकरा वाजता टपाल आलं की मी काहीतरी निमित्त काढून खाली जाते आणि दोन जिने चढून परत येताना गुडघ्यांना शिव्या देते.

आपली खोली आहे तशीच आहे. चार लोखंडी कपाटं, त्यातल्या तिसऱ्याचा खालचा खण अजून लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची भिंत दिसते आणि तिच्यावरचे पाण्याचे पाईप. सकाळपासून कार्डं काढून, पुसून, क्रमाने लावते आहे. धुळीने शिंका येतात. शिपाई म्हणतो, "बाई, आता राहू द्या की, मागून येणारे बघतील." मागून कुणी येणार नाही हे त्यालाही माहीत आहे.

हा तोच शिपाई. जॉर्जियनमध्ये बापाला 'मामा' म्हणतात हे कळल्यावर तो महिनाभर मोठ्या साहेबांसमोर हसू दाबत उभा राहायचा, आठवतं का? साहेबांनी शेवटी त्याला विचारलं, पोट दुखतंय का म्हणून.

कार्डं चाळताना तुझे ते सगळे 'म्ह. ना.' दिसतात. संचालकांना मी त्याचा अर्थ समजावून सांगितला. सांगणाऱ्या माणसाला आपण वाक्य द्यायचं आणि तुमच्या भाषेत हे कसं म्हणाल, असं विचारायचं. कधी कधी ते माणूस म्हणतं, असं आमच्यात म्हणतच नाहीत. मग त्या रकान्यात लाल पेन्सिलीने 'म्हणत नाहीत' असं लिहायचं आणि कारण मागे टिपायचं. संचालक म्हणाले, "वा! म्हणजे नकाराचीही नोंद." त्यांना प्रत्येक गोष्टीत वा दिसतं. तरुण आहेत.

मला जॉर्जियन सांगणारा तो घड्याळजी कसला खट होता. समोर घड्याळाचं पोट उघडं, डोळ्याला भिंग, आणि मी शेजारच्या स्टुलावर. 'माझी बहीण आली' म्हटलं की त्याने क्षणात जॉर्जियन सांगून टाकलं, बहीण म्हणजे बहीण, संपलं. त्याच वाक्यावर तुझ्या बर्मी आजीने तुला अर्धा तास बसवलं. वृद्धाश्रमातल्या त्या लोखंडी कॉटवर मांडी घालून ती विचारत राहिली, कुठली बहीण, थोरली की धाकटी? नुसती बहीण कशी येईल? तू परत आलीस ती पोट धरून हसत. लाल पेन्सिलीने 'म्ह. ना.' लिहिलंस आणि म्हणालीस, "ताई, तुझी भाषा आपल्याला ओळखत नाही, माझी ओळखते." मी म्हटलं, "माझ्या भाषेला आठ व्यंजनं एकामागोमाग गिळता येतात, तुझीला चिमटा काढल्यासारखं आवाज वर-खाली करून बोलावं लागतं." अशी भांडणं आपण अठरा वर्षं केली. दोन्ही अक्षरं मात्र गोल गरगरीत, एवढ्यावर आपला तह व्हायचा.

आजीबद्दल लिहिलंच आहे तर पुढचंही लिहिते. आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि तू रजा घेऊन तीन महिने तिच्याजवळ राहिलीस. त्याच काळात बर्मी आजी गेली. मी तुला ते कळवलं नाही. तू तिकडे आईला उचलून बसवत होतीस, त्यात आणखी हे कुठे, असं वाटलं. बर्मीची दोनशे चौदा वाक्यं राहिली होती, मोठ्या साहेबांनी तारीख दिली होती आणि तारीख चुकली तर तुझं पद दुसऱ्या विभागाला जाणार होतं.

ती कार्डं मी लिहिली. तुला माहीत आहे. तरी एकदा माझ्या हाताने लिहून ठेवते. अठरा वर्षं तुझ्या शेजारी बसून तेवढं बर्मी मला येत होतं. गोल अक्षरांचा हात मला जॉर्जियनने दिलेलाच होता. तारखा तुझ्या रजेच्या आधीच्या टाकल्या आणि कोपऱ्यात तुझी खूण केली. तुझ्यासाठी केलं, ठके. तुझी जागा राहावी म्हणून केलं. बहुतेक वाक्यं बरोबरही होती.

हे वाचून तरी दोन ओळी लिही.

ताई

१६ फेब्रुवारी

ठके,

तुझं कार्ड आलं. "२१४ वाक्यांची यादी पाठव. पत्र नको."

सहा शब्द होतात गं, आकडा धरला तर. तारेच्या जमान्यातही याहून जास्त लिहायचे. पण मी ते कार्ड तीन वेळा वाचलं आणि मग कपाटामागे जाऊन नाक पुसलं. शिपायाला सांगितलं धूळ आहे.

यादी सोबत आहे. पत्र नको म्हणालीस तरी लिहिते आहे. नाही वाचलंस तर यादी काढून घे आणि हे टाकून दे.

मागच्या पत्रात मी लिहिलं की तुझ्यासाठी केलं. तेवढं लिहून मी चार दिवस शहाण्यासारखी फिरत होते. नंतर कार्डं लावताना चौकशीच्या दिवसाची फाईल हाती आली. आता हेही लिहायला हवं.

परीक्षकबाई बाहेरून आल्या होत्या, स्वतःचा थर्मास घेऊन. त्यांना बर्मी येत नव्हतं. जॉर्जियनही नाही. त्या नुसत्या मोजत बसल्या. दुपारपर्यंत मोजलं आणि म्हणाल्या, "पहिल्या नऊशे शहाऐंशी कार्डांत बर्मी आजी साधारण दर सातव्या वाक्याला नाही म्हणते. या शेवटच्या दोनशे चौदांत ती एकदाही नाही म्हणत नाही. का हो, ही बाई तेव्हा जिवंत होती का?"

कसला मूर्खपणा! तारखा जुळवल्या, शाई जुळवली, तुझी खूण जुळवली, आणि नकार द्यायचा राहून गेला. प्रत्येक वाक्याला मी मुकाट्याने उत्तर देत गेले. येत नाही असं दिसेल या भीतीने मला एकदाही 'म्ह. ना.' लिहवलं नाही.

त्यांनी गठ्ठा तुझ्यापुढे ठेवला. तू रजेवरून येऊन आठवडाही झाला नव्हता. तू वरची चार-पाच कार्डं पाहिलीस. माझी गोल अक्षरं खालून सुरू होतात, तुझी वरून. तुला पहिल्याच कार्डावर कळलं असणार. तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "हो, माझीच आहेत."

मधल्या सुट्टीत, जिन्यापाशी, पाण्याच्या पिंपाजवळ तू मला गाठलंस. तू काय बोललीस ते मला शब्दानं शब्द पाठ आहे. "ताई, मला एकदम काही सुचलं नाही म्हणून मी हो म्हटलं. आता तू बोल. तुझ्या तोंडून आलं तर ते समजून घेतील." मी म्हटलं, "उद्या बोलते. आज फार थकले आहे."

खरंच थकले होते गं. तीन महिने दोघींचं काम करत होते. पण दुसऱ्या दिवशी परीक्षकबाई गेल्या आणि अहवाल आला. ऐकीव गोष्ट सांगताना आपण 'म्हणे' लावतो, बर्मीत वाक्याच्या शेवटी तसाच एक छोटा शब्द लागतो, आणि जॉर्जियनमध्ये तर क्रियापदच बदलतं, स्वतः पाहिलेलं वेगळं आणि मागाहून कळलेलं वेगळं. याच्यावर आपण दोघींनी चाळीस पानं लिहिली होती. अहवालात मात्र सरळ लिहिलं होतं, धाकट्या बाईंनी कार्डे बनावट केली. मी तो वाचला आणि पोच म्हणून सही केली.

तू महिन्याच्या आत गाव सोडलंस. आईला मी माझ्याकडे आणलं. 'उद्या' काही आला नाही.

यादीत वाक्य क्रमांक १०९१ दोनदा टाइप झालं आहे, एकदाच धर.

ताई

२० मार्च

ठके,

पार्सल काल मिळालं. दोनशे चौदा. मी दोनदा मोजली, सवयीने.

तुझ्या हाताला काही झालेलं नाही. तीच गोल अक्षरं, वरून सुरू होणारी. कोपऱ्यात तुझी खूण. यावेळी एकटी बर्मी आजी नाही, चार माणसं आहेत. एक बागेत काम करणारा म्हातारा, एक बाळंतीण, तिची सासू आणि एक ट्रक चालवणारा, ज्याचा पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे त्याला पळून जाता आलं नाही, असं तूच कार्डामागे लिहिलं आहेस. ते वाचून मी मोठ्याने हसले. एकोणतीस ठिकाणी लाल पेन्सिल. सासू तर काय, जवळजवळ प्रत्येक गोष्टीला हरकत घेते. १०६३ वर मात्र मी बराच वेळ थांबले. 'मी तुझ्यावर रागावलेली नाही.' त्याच्या मागे सासूचं कारण तू लिहिलं आहेस की जे रागावलेलं नसतं ते माणूस असं सांगत बसत नाही.

आणि शेवटच्या कार्डामागे साध्या पेन्सिलीने, बारीक अक्षरात, "नऊ वर्षं का?"

तू विचारलंस याचाच मला आधी आनंद झाला. मग कालची संध्याकाळ आणि आजची सकाळ मी उत्तर जुळवण्यात घालवली. एक म्हणजे आई. तिची शुश्रूषा करायची तर दोघींपैकी एकीचं तरी बस्तान इथे हवं होतं. दुसरं, मी बोलले असते तर तू खोटं हो म्हणालीस हेही बाहेर आलं असतं आणि आपण दोघीही गेलो असतो. तिसरं, जितके दिवस गेले तितकं बोलणं अवघड होत गेलं. पहिल्या आठवड्यात ती चूक होती, वर्षभराने तो गुन्हा झाला. चौथं, दमणूक. रोज उठायचं, आईला अंघोळ घालायची, ऑफिस गाठायचं, परत यायचं. माणसाला धीर एकवटायला थोडी फुरसत लागते.

आज दुपारी मी संचालकांकडे गेले. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाले, "बाई, परीक्षकबाई हयात नाहीत. मोठे साहेबही नाहीत. फाईल बंद आहे. नवी कार्डं आलीच आहेत. तुमची तीस वर्षांची नोकरी, अकरा दिवस उरलेत. कशाला उकरता? पुस्तकावर तुमचं नाव घालू, आणि आभारांत बहिणीचा उल्लेख करू. ठळक अक्षरात."

वाईट माणूस नाही तो. माझी दया आली त्याला. मी काय म्हटलं असेल? "बघू" म्हटलं.

ठळक अक्षरात आभार चालतील का तुला? मी विचारते आहे खरी, पण लिहिताना लाज वाटते आहे.

ताई

३१ मार्च

ठके,

वीस तारखेचं पत्र फाडून टाक. त्यातली चारही उत्तरं खोटी आहेत असं नाही, पण ती तुझ्या प्रश्नाची उत्तरं नाहीत.

आधी काय घडलं ते सांगते. चोवीस तारखेला मी निवेदन लिहिलं. अडीच पानं, साध्या भाषेत. संचालकांच्या हातात दिलं असतं तर त्यांनी माझ्या भल्यासाठी ते खणात ठेवलं असतं, म्हणून खाली आवक-जावक खिडकीवर दिलं. शिक्का बसला, नोंद झाली. एकदा नोंद झाली की या संस्थेत ब्रह्मदेवही ती खोडू शकत नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची बैठक बोलावली. मी उभी राहून निवेदन वाचून दाखवलं. मधे दोनदा बसावं लागलं. ग्रंथपाल बाई रडल्या. कारकुनांपैकी कुणी माझ्याकडे बघेना. शिपाई दारात उभा होता, तो म्हणाला, "धाकट्या बाईंनी असं केलं नसणार हे मला माहीतच होतं." त्याला नऊ वर्षं माहीत होतं आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं.

जुना अहवाल रद्द केल्याचं पत्र तुला संस्थेकडून वेगळं येईल. पुस्तक निघणार आहे. ज्याने नोंदी बनावट केल्या त्याचं नाव छापता येत नाही, असा नियम आहे आणि तो बरोबर आहे. त्यामुळे वर तुझं एकटीचं नाव. जॉर्जियन रकान्याखाली 'संस्थेतील नोंदींवरून' एवढंच येईल. तीस वर्षं घड्याळजीच्या स्टुलावर बसले त्याचं एवढंच उरलं. वाईट वाटतं, नाही म्हणत नाही. निरोप समारंभ झाला नाही. शाल की घड्याळ, पैज बुडाली.

आता तुझा प्रश्न.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खोलीत आले, तुझी खुर्ची भिंतीला टेकवली आणि माझं टेबल खिडकीपाशी ओढलं. आणि मला बरं वाटलं. ठके, मला फार बरं वाटलं. अठरा वर्षं लोक आत आले की आधी तुझ्याकडे वळायचे. तुझं बर्मी ऐकून आजीच्या आश्रमातल्या बायका फसायच्या, तुला तिकडचीच समजायच्या. माझं जॉर्जियन ऐकून घड्याळजी म्हणायचा, "चूक नाही बाई, पण पुस्तकातलं आहे." मोठे साहेब मला 'मेहनती' म्हणायचे आणि तुला नुसतं नावाने हाक मारायचे, पण ते हाक मारणंच वेगळं होतं. तू गेल्यावर दोन्ही भाषांचं विचारायला लोक माझ्याकडे यायला लागले. पहिल्यांदा कुणीतरी मला विदुषी म्हटलं. रोज सकाळी वाटायचं, आज सांगावं. आणि रोज खिडकीपाशी बसलं की वाटायचं, अजून एक दिवस. थकवा खरा होता, पण थकलेलं माणूसही नऊ वर्षांत एकदा तरी तोंड उघडतं. मला उघडायचं नव्हतं.

हे लिहून थांबता आलं असतं. पण राहिलेलं लिहिलं नाही तर पुन्हा नऊ वर्षं जातील, आणि आता माझ्याकडे तेवढी नाहीत.

आई जायच्या दोन महिने आधीची गोष्ट. दुपारची वेळ होती, मी तिची उशी सारखी करत होते. ती म्हणाली, "धाकटीने खरंच तसं केलं का गं? माझं मन मानत नाही." तेव्हा सांगायला काय हरकत होती? कुठली चौकशी होणार नव्हती, नोकरी जाणार नव्हती. घरात आम्ही दोघीच होतो. तिला फक्त खरं काय ते हवं होतं. मी उशीवरून नजर न उचलता म्हटलं, "हो आई. केलं तिने."

ती त्यानंतर तुझ्याबद्दल काही बोलली नाही. ग्रंथपाल बाईंच्या निरोपावरून तू शेवटी आलीस तेव्हा आठ दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. तू तिचा हात हातात घेतलास आणि तिने तो सोडवून घेतला. बाहेर येऊन तू मला विचारलंस, "आई मला ओळखत नाही का?" मी म्हटलं, औषधांची गुंगी आहे. ठके, गुंगी नव्हती. त्या सकाळी तिने माझ्याकडे चहा मागून घेतला होता, साखर कमी पडली म्हणून कुरकुर केली होती. तिने तुला चांगलं ओळखलं होतं.

पुस्तकावरचं नाव तुला परत मिळेल. आईच्या मनातलं मला कुठूनही आणून देता येणार नाही. ती तुला खोटारडी समजून गेली, आणि तसं तिला मी सांगितलं होतं.

ताई